इन्सुलेटर आणि लायटनिंग अरेस्टर: दिसायला जुळे, कामाला उलटे

डीपीच्या खांबाकडे मान वर करून पाहिलं, तर छत्रीसारख्या कडांच्या तपकिरी वस्तू दिसतात. सगळ्यांनाच सर्रास ‘इन्सुलेटर’ म्हणतात. पण त्यातल्या काहींच्या बुडातून एक तार निघून खांबावरून थेट जमिनीत जाते. ते अरेस्टर.

इन्सुलेटरने तार पेलायची आणि तिच्यातली वीज खांबात उतरू द्यायची नाही. पावसात वरून भिजला तरी कडांखालचा भाग कोरडा राहावा, म्हणून त्या छत्र्या. १९०२ मध्ये कर्नाटकातल्या शिवसमुद्रमहून कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे वीज गेली, तेव्हा खांबांवर पिन इन्सुलेटर, म्हणजे सळीवर बसवलेले इन्सुलेटर, उभे होते. साठ-सत्तर हजार व्होल्टच्या पुढे मात्र ते फारच अवजड होऊ लागले. १९०७ मध्ये अमेरिकेत ह्यूलेट आणि बक यांनी चकत्यांची लटकती माळ पुढे आणली: व्होल्टेज वाढलं की चकती वाढवायची, एक फुटली तरी बाकीच्या तग धरतात. १९१५ मध्ये खोपोलीची वीज एक लाख व्होल्टने मुंबईला पोचली, ती याच युगात.

आभाळातली वीज तारेवर कोसळली की इन्सुलेटरचा इलाज चालत नाही. ठिणगी त्याच्या अंगावरून उडते, नाहीतर अचानक चढलेल्या व्होल्टेजची लाट तारेवरून पुढे जाऊन ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फाडते. अरेस्टर त्याआधीच तिला जमिनीची वाट देतो. खरी कसोटी पुढेच आहे. उघडलेल्या वाटेने लाइनची स्वतःची वीजही धावते, आणि ती लगेच थांबवावी लागते.

यासाठी जुन्या लोकांनी केलेली खटपट थक्क करते. शिंगांसारख्या दोन वाकड्या सळ्यांमध्ये पेटलेली ज्योत तापून वर सरके, लांबे आणि तुटे. पुढे तेलाच्या टाकीत अ‍ॅल्युमिनियमचे शंकू एकावर एक रचले, मध्ये द्रावण भरलं. धातूवरचा ऑक्साइडचा पातळ थर रोजचं व्होल्टेज अडवी, लाटेला वाट देई आणि ती ओसरताच पुन्हा अडवी. पण हा थर द्रावणात हळूहळू विरघळे, म्हणून ऑपरेटर रोज टाकीला जोडलेल्या शिंगांमधली फट क्षणभर मिटवून तो पुन्हा धरवत. लखलखाट होई, मगच टाकी तयार. मला ही रोजची राखण फार मोलाची वाटते. आता तेच काम झिंक ऑक्साइडच्या चकत्या निमूट करतात.

जमिनीत जाणारी ती तार तुटली किंवा चोरीला गेली, तर अरेस्टर असून नसल्यासारखा. पावसाळ्याआधी ती शेवटपर्यंत पोचते का, लांबूनच बघा. तुटलेली दिसली तर हात न लावता लाइनमनला कळवा.