नाचणी : मूलस्थान, पोषण व खाद्योद्योग

तृणकुलातील एक बारीक दाण्याचे धान्य. शास्त्रीय नाव एल्युसाइन कोराकाना. नाशिक–ठाण्याच्या डोंगरी भागात ‘नागली’, तर कर्नाटकात ‘रागी’ म्हणून ओळख. भाकरी, आंबील, पापड हे घरगुती प्रकार सर्वपरिचित आहेत. देशात सर्वाधिक उत्पादन कर्नाटकात होते. महाराष्ट्रात कोकण व सह्याद्रीच्या उतारांवरील वरकस जमिनीत ती पिकते.

मूलस्थान : याबाबत दीर्घकाळ मतभेद होते. भारतातील वाणांची विविधता आणि येथे सर्वत्र आढळणारे एल्युसाइन इंडिका हे रानगवत पाहून काहींनी भारत हेच तिचे मूलस्थान मानले. मात्र या गवतात १८ गुणसूत्रे असतात, तर नाचणीत ३६. तेवढीच गुणसूत्रे असलेली रानटी उपजाती (आफ्रिकाना) पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशात मिळते व नाचणीशी तिचा सहज संकर होतो. त्यामुळे इथिओपिया–युगांडा पट्ट्यात ती प्रथम लागवडीखाली आली, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. भारतात ती केव्हा आली हे सांगणे कठीण आहे. हल्लूर (कर्नाटक) व अन्य उत्खननस्थळांवरील दाण्यांवरून इ. स. पू. दुसरे सहस्रक सुचविले गेले. परंतु पुरावनस्पतिशास्त्रज्ञ डोरियन फुलर यांच्या फेरतपासणीनंतर अशा पुष्कळ नोंदी संशयास्पद ठरल्या. आफ्रिकेतील उत्खननीय पुरावाही विरळच आहे.

पोषण व प्रक्रिया : १०० ग्रॅ. नाचणीत सुमारे ३४४ ते ३६४ मिग्रॅ. कॅल्शियम असते, तांदळात ते १० मिग्रॅ.च्या आसपास. साल गाभ्याला घट्ट चिकटलेली असल्याने तांदळासारखी ती सडता येत नाही, म्हणून पीठ सालीसकट होते. म्हैसूरच्या केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेने दाणे भिजवून व वाफवून साल काढण्याची पद्धत बसवली. सत्त्वासाठी दाणे भिजवून, फडक्यात बांधून मोड आणतात. सुकवून, मंद भाजून दळतात व चाळतात. मोड येताना तयार होणारे ॲमिलेज हे विकर स्टार्च तोडते. त्यामुळे वाटीभर पेजेत अधिक पीठ घालूनही ती बाळाला गिळता येईल इतकी पातळ राहते. खनिजे बांधून ठेवणारे फायटेट घटल्याने तीही अधिक शोषली जातात. पण कॅल्शियमचा बराच वाटा सालीत असतो. पांढरेशुभ्र सत्त्व हवे म्हणून फार बारीक चाळले, तर तो चाळणीवरच राहतो. मधुमेहींसाठीही भाकरीचा (रक्तातील साखर हळू वाढण्याचा) गुण बारीक पिठाच्या पेजेला सरसकट लावणे योग्य नव्हे.

खाद्योद्योग : केंद्र सरकारने २०१८ मध्ये भरडधान्यांना ‘पौष्टिक तृणधान्ये’ म्हणून अधिसूचित केले. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष पाळले. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून १५ भरडधान्यांसाठी एकत्रित गुणवत्ता मानके लागू झाली. आरोग्याच्या ओढीने शहरी बाजारात नाचणीची बिस्किटे, शेवया, पोहे व डोसापिठे आली. नाचणीत ग्लुटेन (गव्हातील चिकट प्रथिन) नसल्याने पिठाला ताण येत नाही. म्हणून बिस्किटांत व पावात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळतात. वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. त्यात मैदा पहिला असेल, तर नाव नाचणीचे असले तरी ती मैद्याहून कमी असते. ग्लुटेन न सोसणाऱ्या सीलिअॅक रोग्यांना असे पदार्थ वर्ज्यच आहेत.