मग शेनला कोण चावलं होतं?

ठाण्यात तलावपाळीला चार पोरं जमली आणि 'द वॉकिंग डेड' या झोंबी मालिकेचा विषय निघाला, की एक जण ठासून सांगतोच: वॉकर (म्हणजे उठून चालणारं प्रेत) चावला की विषाणू अंगात शिरतो, म्हणून माणूस वॉकर होतो. मग शेनला कोण चावलं होतं? त्याला तर त्याच्याच मित्राने, मालिकेचा नायक रिकने, भोसकलं, तरीही तो वॉकर होऊन उठला. 'लेखकांची चूक' म्हणून काहीजण हात झटकतात. चूक नाही ती.

विषाणू सगळ्यांच्याच अंगात आधीपासून आहे. पहिल्या सीझनच्या शेवटी, २०१० साली, डॉक्टर जेनर रिकच्या कानात हेच कुजबुजतो. रिक ते बाकीच्यांना सांगतो थेट दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात, २०१२ मध्ये. (एवढं पोटात ठेवलं, यावर खुशाल भांडा.) माणूस कशानेही मरो, मेंदू शाबूत असला की उठणारच. चावा फक्त मारतो: संसर्ग, ताप, खेळ खलास. म्हणूनच सोबतच्या हर्शेलचा चावलेला पाय रिकने लगेच कुऱ्हाडीने तोडला आणि हर्शेल वाचला. रिकच्या मुलाला, कार्लला, चावा बसला पोटाच्या बाजूला. तिथे कुऱ्हाडीचा काय उपयोग?