दाबलेला स्वर, स्पर्शलेला स्वर, ऐकू येणारा स्वर

तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार, म्हणजे तारांच्या नादातून आपोआप उमटणारा ग, आपण ऐकतो, लिहीत नाही. बडोद्यात १८८६ मध्ये राजाश्रयाने गायनशाळा सुरू झाली आणि चिजा स्वरलिपीत छापल्या जाऊ लागल्या, तेव्हाही लिपीपुढचा प्रश्न प्रत्यक्ष गायल्या-वाजवल्या जाणाऱ्या स्वराचाच होता. इथे व्हायोलिनसाठी पाश्चात्त्य पद्धतीने लिहू लागलेल्या विद्यार्थ्याला मात्र हार्मोनिकपाशी, म्हणजे तारेला बोटाचा नुसता स्पर्श करून काढलेल्या उंच स्वरापाशी, पहिल्यांदा असा स्वर भेटतो, जो बोटाच्या जागी नसतोच. लिलीपाँड या स्वरलेखनाच्या प्रोग्राममध्ये तो कसा लिहिला जातो, हा इथला विषय.

युरोपात १७३८ च्या सुमारास फ्रान्समध्ये छापलेल्या व्हायोलिन-सोनाटांमध्ये हे हार्मोनिक स्वर मुद्दाम योजले गेले. पुढे दोन चिन्हे रूढ झाली: स्वरावरचे छोटे वर्तुळ आणि स्वरचिन्हाचे पत्त्यांतल्या चौकटसारखे पोकळ डोके.

मजकूर टंकून स्वरपत्र छापणारा लिलीपाँड हा प्रोग्राम १९९६ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाला, आणि त्यात या दोन चिन्हांची फारकत झाली. वर्तुळासाठी ‘फ्लॅजोलेट’ ही आज्ञा आली; तो शब्द मुळात एका लहान बासरीचा, आणि हार्मोनिकचा शीळ घातल्यासारखा नाद त्या बासरीची आठवण करून देतो. चौकटसाठी ‘हार्मोनिक’ ही वेगळी आज्ञा आली. एकाच वादनक्रियेला दोन नावे मिळाल्यामुळे नवशिका गोंधळतो, पण खरा वादाचा निर्णय याहून खोल आहे: ‘हार्मोनिक’ ही आज्ञा स्वराच्या डोक्याचा आकार बदलते, स्वराचा अर्थ बदलत नाही.

उदाहरणार्थ, व्हायोलिनच्या ‘जी’ (G) तारेवर पहिल्या बोटाने ए (A) दाबून चौथ्या बोटाने वरच्या डीला (D) नुसता स्पर्श केला, तर उरलेल्या तारेच्या चतुर्थांशावर गाठ (कंप नसलेला बिंदू) पडते आणि दाबलेल्या ए च्या दोन सप्तके वरचा ए ऐकू येतो. फाइलमध्ये हे कोनी कंसांत ए आणि डी असे लिहून डीला ‘हार्मोनिक’ ही आज्ञा जोडली की कागदावर अचूक उमटते. तीच फाइल मिडीतून (संगणकाने लिहिलेले स्वर वाजवून दाखवण्याच्या सोयीतून) ऐकली, तर लिहिलेले ए आणि डीच एकत्र वाजतात. वाचणाऱ्या वादकाला हाताची जागा हवी असते हे मान्य. तरीही कानाला मिळणारा स्वर फाइलमध्ये कुठेच नसावा, हे माझ्या मते उणेपण आहे, कारण वाद्यवृंदाची संहिता तपासणारा माणूस कानावरच विसंबतो.

नंतरच्या सुधारणा मुख्यतः दिसण्याच्या आहेत: दीर्घ स्वराला पोकळ आणि ऱ्हस्व स्वराला भरीव चौकट देता येते, आणि बिंदुयुक्त स्वरात चौकटलाही बिंदू हवा की नको ते ठरवता येते. गिटारच्या टॅब्लेचरसाठी (तार आणि पडद्याचा क्रमांक दाखवणाऱ्या लेखनासाठी) मात्र पुढे अशा आज्ञा आल्या, ज्यांत पडदा किंवा तारेच्या लांबीचे गुणोत्तर दिले की निघणारा स्वर प्रोग्राम स्वतःच काढतो. व्हायोलिनसाठी तो स्वर आजही रचनाकार मनात मोजतो आणि वाटल्यास दोन स्वरांच्या वर, कंसात, तिसरा बारीक स्वर म्हणून हाताने लिहितो.