ऐकणाऱ्यांचा आघात : न्यायालयाच्या दाराशी अडलेला विषय

दुसऱ्यांवरच्या अत्याचाराच्या हकिकती रोज ऐकून ऐकणाऱ्याचंही मन पोखरतं, हे आधी मांडलं गेलं ते उपचार करणाऱ्यांबद्दल. लिसा मॅककॅन आणि लॉरी अॅन पर्लमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये त्याला ‘परोक्ष आघात’ म्हटलं. पुढे पोलिसांबद्दल, बचावपथकांबद्दल बोललं जाऊ लागलं. न्यायालयांत मात्र हा विषय शिरेना. न्यायाधीश तटस्थ, त्याला काही लागत नाही, हा समज खुद्द न्यायाधीशांनाही सोयीचाच होता. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे न्यायमूर्ती मायकल कर्बी यांनी न्यायाधीशांच्या ताणावर जाहीर भाषण केलं, तर दोन वर्षांनी तिथल्याच क्वीन्सलँड राज्याच्या एका न्यायमूर्तींनी छापील उत्तर देऊन त्यांना जवळजवळ झापलंच.

अमेरिकेत ज्यूरींची काळजी आधी घेतली गेली. तिथल्या नॅशनल सेंटर फॉर स्टेट कोर्ट्सने १९९८ मध्ये त्यांच्यासाठी मार्गदर्शिका काढली. चार दिवसांसाठी आलेल्या नागरिकाला त्रास होतो, हे पटायला सोपं. तीस वर्षं तेच ऐकणाऱ्याला ‘सवय होते’ म्हणून सोडून द्यायचं! २००३ मध्ये १०५ अमेरिकी न्यायाधीशांची पाहणी झाली, तेव्हा ६३ टक्क्यांनी परोक्ष आघाताचं एखादं तरी लक्षण असल्याचं सांगितलं.

खरी कलाटणी ऑस्ट्रेलियात मिळाली. व्हिक्टोरिया राज्यात २०१७-१८ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने दोन दंडाधिकाऱ्यांनी आत्महत्या केली आणि कामाच्या बोजाबद्दल उघड बोललं जाऊ लागलं. त्याच राज्यात लैंगिक गुन्ह्यांचे खटले हाताळणारी एक सरकारी वकील आपल्याच कार्यालयाविरुद्ध लढली. परोक्ष आघाताबद्दलचं धोरण त्या कार्यालयाकडे कागदावर होतं, पण अंमल नव्हता. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. मग २५ जुलै २०२४ रोजी प्रशांत महासागरातल्या नाउरू या बेटराष्ट्रात न्यायिक स्वास्थ्याचा जाहीरनामा निघाला. न्यायिक ताण म्हणजे दुबळेपणा नव्हे, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ मध्ये हीच तारीख न्यायिक स्वास्थ्याचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून जाहीर केली.

आपल्याकडे ज्यूरी नाही, त्यामुळे सगळं न्यायाधीशांवर आणि त्यांच्या पुढ्यात बसलेल्या कर्मचाऱ्यांवर येतं. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम ३३ पाहा. वकिलाने मुलाला थेट विचारायचं नाही; प्रश्न न्यायालयाला सांगायचा आणि न्यायालयाने तो विचारायचा. मुलासाठी हे योग्यच आहे. पण याचा अर्थ असा की, ‘तू तेव्हा ओरडली का नाहीस?’ अशा धाटणीचा बचावाचा प्रश्न कितीही सौम्य करून घेतला, तरी तो विचारावा लागतो न्यायाधीशांनाच. समोरून येणारं उत्तर स्टेनो मुलीच्याच शब्दांत टंकतो. निकालपत्रात साक्षीचे उतारे येतात तेव्हा तीच वाक्यं पुन्हा त्याच्या हाताखालून जातात. रक्ताचे डाग पडलेला मुद्देमाल कोर्टात दाखवायला काढून देणारा कारकून तर या चर्चेत कुठेच नसतो.

महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये असुरक्षित, म्हणजे लहान मुलं किंवा अत्याचारपीडितांसारख्या साक्षीदारांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत साक्ष केंद्रं उभारायला सांगितली. त्यातही भर होता तो साक्षीदारावर. पॉक्सोने मुलाची साक्ष ३० दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवायची मुदत घातली आहे. एका न्यायाधीशाने किंवा स्टेनोने असे किती खटले सलग ऐकावेत, याबद्दल त्या कायद्यात एक ओळही नाही.