पन्नासच्या आत

१३ जुलै २०००. 'टूर द फ्रान्स' ही सायकल शर्यत. फ्रान्समधल्या माँ व्हाँटू या सुमारे १९०० मीटर उंचीच्या बोडक्या डोंगरावर शेवटी दोघेच उरले होते, एकूण आघाडीची पिवळी जर्सी घातलेला अमेरिकेचा लान्स आर्मस्ट्राँग आणि इटलीचा मार्को पान्तानी. रेषा आधी ओलांडली पान्तानीने. पुढे आर्मस्ट्राँगने सांगून टाकलं, की मीच त्याला जिंकू दिलं. पान्तानीला ते फार लागलं. भिकेत मिळालेला विजय कोणाला गोड लागेल?

त्यात आदल्या वर्षीची जखम अजून ओली होती. जून १९९९ मध्ये इटलीची 'जिरो' शर्यत त्याच्या खिशात होती. संपायला दोन दिवस उरले असताना सकाळी रक्त तपासलं, आकडा आला ५२ आणि पान्तानी शर्यतीबाहेर!

हा आकडा हिमॅटोक्रिटचा. रक्ताची नळी यंत्रात गरगर फिरवली की लाल पेशी तळाशी बसतात. नळीतल्या रक्ताचा जेवढा भाग त्या व्यापतात, ती टक्केवारी म्हणजे हिमॅटोक्रिट. आपल्या रक्ताच्या रिपोर्टवरही तो असतो. पुरुषांमध्ये साधारण ४० ते ५०. लाल पेशी जास्त, तर स्नायूंना ऑक्सिजन जास्त. त्या वाढवायचा हुकूम मूत्रपिंडातून सुटतो, एरिथ्रोपोएटिन ऊर्फ ईपीओ या संप्रेरकाच्या रूपात. कारखान्यात बनवलेलं ईपीओ १९८० च्या दशकाअखेर औषध म्हणून आलं. आपल्याकडेही डायलिसिसच्या रुग्णांना त्याची इंजेक्शनं देतात. सायकलपटूंनी ते धडधाकट शरीरात टोचलं.

ते पकडणारी चाचणी तेव्हा नव्हती. म्हणून १९९७ मध्ये नियम आला, की हिमॅटोक्रिट ५० च्या वर गेला तर खेळाडूने १५ दिवस घरी बसायचं. कारण दिलं तब्येतीचं, कारण दाट रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असतो. माझ्या मते या नियमाने चोरीला वेसण घातली नाही, चोरीचा कोटा ठरवून दिला. ज्याचा आकडा मुळात ४२, त्याला आठ टक्क्यांची मोकळीक. जन्मतः ४९ असलेला बिचारा प्रामाणिक माणूस मात्र रोज धास्तीत. तपासनीस दारात आले की सलाइन चढवून रक्त पातळ करायचं, ही युक्तीही लवकरच रुळली.

खरी चाचणी २००० साली फ्रेंच प्रयोगशाळेतून आली, आणि ती मोठी सुंदर आहे. औषधी ईपीओ चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींमध्ये तयार होतं. प्रथिन माणसाचंच, पण त्याला चिकटलेल्या शर्करेच्या साखळ्या थोड्या वेगळ्या, त्यामुळे विद्युतभारही वेगळा. लघवीतलं ईपीओ जेलच्या पट्टीवर विजेच्या दाबाखाली सोडलं, की नैसर्गिक आणि औषधी ईपीओच्या रेघा वेगवेगळ्या जागी उमटतात.

शीतपेटीत जुने नमुने पडून होतेच. २००५ मध्ये 'लेकीप' या फ्रेंच दैनिकाने छापलं, की १९९९ च्या टूरमधल्या आर्मस्ट्राँगच्या सहा नमुन्यांत ईपीओ सापडलं आहे. २०१३ मध्ये फ्रेंच सिनेटच्या अहवालाने ईपीओ सापडलेल्यांत १९९८ च्या टूरचा विजेता पान्तानी आणि उपविजेता यान उलरिख या दोघांचीही नावं घेतली. पान्तानी २००४ मध्येच गेला होता, कोकेनच्या अतिसेवनाने. आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली गेली. व्हाँटूवर कोणी कोणाला काय दिलं, हा वाद आता कोण घालणार?

२००८ पासून प्रत्येक खेळाडूच्या रक्ताची वर्षानुवर्षांची नोंद ठेवतात आणि त्याची तुलना त्याच्याशीच करतात. ईपीओ घेतलं की कोवळ्या लाल पेशी वाढतात. साठवलेलं स्वतःचं रक्त परत चढवलं, तर हिमोग्लोबिन वाढतं, पण लाल पेशी बनवणारी अस्थिमज्जा सुस्तावते आणि कोवळ्या पेशी घटतात. मात्रा अगदी बारीक ठेवली तर हे चढउतार आजही नजरेतून निसटू शकतात.

२०२४ च्या टूरमध्ये सायकलपटू तादेय पोगाचारने प्रतिस्पर्धी योनास विंगेगार्डला मागे टाकत फ्रान्समधला प्लातो द बेयचा चढ सर केला, तो पान्तानीच्या १९९८ च्या वेळेपेक्षा तीन मिनिटांहून अधिक लवकर. आहार सुधारला, सायकली सुधारल्या, आणि पोगाचार, विंगेगार्ड या दोघांपैकी कोणीही आजवर चाचणीत दोषी आढळलेला नाही. तरी त्या संध्याकाळी कुजबुज झालीच. निवडक नमुने आता दहा वर्षांपर्यंत गोठवून ठेवतात. २०२४ च्या बाटल्या २०३४ पर्यंत उघडता येतील.