झडत्या, ठराव आणि तीन मिनिटांचं गाणं

पोळ्याच्या दिवशी आखरावर, म्हणजे गावाच्या मोकळ्या मैदानावर, तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या, की झडत्या, म्हणजे चिमटे काढणाऱ्या यमकातल्या ओळी, सुरू होतात. एक जण खणखणीत आवाजात झडती म्हणतो, बाकीचे महादेवाचा गजर करतात, तोवर दुसरा पुढे सरसावतो. कापसाचा भाव, सावकार, पुढारी, कोणाचीच गय होत नाही. माझ्या तिसरीच्या वर्गातला एक मुलगा साताच्या पाढ्यात दर वेळी ‘सात आठे’पाशी अडतो. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, तोच लाकडी बैल ओढत वीसेक झडत्या धाडधाड म्हणून गेला. त्या त्याला कोणी शिकवल्या नव्हत्या.

अमेरिकेत जाहिरात व्यवसायातल्या डेव्हिड मॅकॉल यांना घरीच हे कोडं पडलं. मुलाच्या डोक्यात पाढे राहत नव्हते, रॉक संगीतातली गाणी मात्र तोंडपाठ. मग पाढ्यांनाच चाल का लावू नये? त्यातून ‘स्कूलहाउस रॉक’ ही तीन-तीन मिनिटांच्या ॲनिमेटेड गाण्यांची मालिका जन्मली आणि १९७३ पासून एबीसी वाहिनीवर लहान मुलांच्या कार्यक्रमांच्या मध्ये दिसू लागली. आधी पाढे आले, मग व्याकरण. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं होणार होती, त्या सुमारास नागरिकशास्त्राची पाळी आली. राज्यघटनेच्या उद्देशिकेला चाल लागली, आणि कायद्याचा मसुदा स्वतःची कहाणी गाऊ लागला.

गाणं लक्षात का राहतं? कारण चाल शब्दांना कुंपण घालते. पुढच्या ओळीत किती अक्षरं मावतील हे ताल ठरवतो, शेवटी कोणता आवाज यावा हे यमक ठरवतं. एखादा शब्द विसरला तर तिथे खड्डा जाणवतो आणि तो भरायला मोजकेच शब्द उरतात. गद्यात असा खड्डा दिसतच नाही. पण चालीलाही एक अट आहे. वांडा वॉलेस या संशोधिकेचे प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. एकच चाल कडव्यामागून कडव्याला आली तेव्हा शब्द जास्त आठवले. चाल एकदाच कानावर पडली तेव्हा तिचा आधार मिळाला नाही. आधी चाल ओळखीची व्हावी लागते, मग ती शब्द सांभाळते.

हे वाचलं तेव्हा मला तुकडोजी महाराजांची मोझरी आठवली. त्यांच्या ग्रामगीतेत ४१ अध्याय आणि ४,६७५ ओव्या आहेत. गावाची सफाई आणि संघटन हे खरं तर नागरिकशास्त्राचे विषय, पण ते ओवीत आले. यमकाने बांधलेले तीन चरण, चौथा मोकळा. ही घडण कानाला एकदा सवयीची झाली की नवी ओवीही ओळखीची वाटते. आमच्या गावात शाळेची पायरी न चढलेल्या म्हाताऱ्यांना तिच्यातल्या पन्नास-पन्नास ओव्या येतात.

आता दुसरी बाजू. अमेरिकी उद्देशिकेची सुरुवात ‘आम्ही, संयुक्त संस्थानांचे लोक’ अशी आहे. गाण्यात मात्र ‘संयुक्त संस्थानांचे’ हे शब्द गाळलेले आहेत. जो मुलगा ती गाण्यावरूनच शिकला, त्याला ही उणीव कळायला वावच नाही, कारण त्याच्या चालीत खड्डा पडलेला नाही. कुंपण जे आत असेल तेच राखतं, चूकसुद्धा.

सँड्रा कॅल्व्हर्ट आणि मिशेल टार्ट यांनी हीच उद्देशिका घेऊन केलेला अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणी ते गाणं वारंवार ऐकलेल्या महाविद्यालयीन मुलांना ती शब्दशः जास्त आठवली. मनात गाणं म्हणत आठवणाऱ्यांना तर अधिकच. मात्र कॅल्व्हर्ट यांच्या पुढच्या कामातून दिसलं, की शब्द टिकवण्यात गाणं वरचढ असलं तरी आशय समजण्यात ते साध्या बोलण्याच्या पुढे जात नाही. आमच्या परिपाठात हे रोज दिसतं. ‘आम्ही, भारताचे लोक’ एका सुरात सुरू होतं आणि एका सुरात संपतं. ‘सार्वभौम म्हणजे काय रे?’ असं विचारलं की अख्खी रांग पायाच्या अंगठ्याकडे पाहते.

इथे चित्राची मदत होते. मुलांना सार्वभौमत्व दाखवायचं तरी कसं? १९७४ मध्ये विजया मुळे यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेल्या ‘एक, अनेक और एकता’ या ॲनिमेशनपटात एकजूट दिसते ती जाळ्यासकट उडून जाणाऱ्या पाखरांमधून. अमेरिकी मसुदा तर चक्क गुंडाळी केलेल्या कागदाचा माणूस होऊन संसदेच्या पायऱ्यांवर बसतो. शाळेच्या बसने रेल्वे फाटकापाशी थांबावं, एवढीच त्याची मागणी. समिती, दोन्ही सभागृहं, राष्ट्राध्यक्षांची सही, जो टप्पा कानावर येतो तोच त्याच क्षणी डोळ्यांसमोर असतो. शब्द आणि त्याचं चित्र एकाच वेळी भेटले तर समजायला सोपं जातं, हे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांनी दाखवलं आहे. शब्दाशी संबंध नसलेली रंगीत धावपळ मात्र लक्ष पळवते, आणि मोबाइलवरच्या बऱ्याच बालगीतांत तीच असते.

आपला मसुदा म्हणजे ग्रामसभेचा ठराव. तो आमच्या पोरांनी कागदावर काढला: हातात कंदील, कारण मागणी रस्त्यावरच्या दिव्याची. चित्रं मोबाइलने टिपून जोडली, चाल झडतीची घेतली आणि भाषा वऱ्हाडी. ठराव म्हणतो, ‘मले वहीत लिहा, नाही त मी हवेतच इरून जाईन!’ मग सूचक, अनुमोदक, इतिवृत्त हे शब्द एकेक करून चित्रात येतात. लोकवर्गणीतून घेतलेल्या टीव्हीवर हे दाखवताना मी दर कडव्यानंतर थांबवत होतो आणि मुलांना बोलतं करत होतो. माझ्या मते असं थांबणं हाच खरा तास.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो गणपूर्तीवर. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी, तेवढी माणसं हजर हवीत. नाहीतर सभा तहकूब. आमच्या गावात ४०० मतदार. मुलांनी हिशोब केला, ६० आले. नऊशे मतदारांच्या शेजारच्या गावाला १३५ लागतील, असं एकीने सांगितलं. दुसरीने तिला ‘कमी तो’ या शब्दांवर बोट ठेवून १०० वर आणलं. गाण्यात ती ओळ सगळे कितीतरी दिवस म्हणत होते, पण कळली ती या भांडणात.

१५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभा होती. मुलांना मत नाही, पण मोजायला कोण अडवतं? आमचा तो ‘सात आठे’वाला पंचायतीच्या ओट्यावर उभा राहून डोकी मोजत होता. त्रेचाळीसवर थांबला, बोटांवर काहीतरी केलं आणि घराकडे पळत सुटला. मी मागून गेलो तेव्हा आजी चुलीपुढे होती आणि हा तिचा पदर ओढत म्हणत होता, ‘आजी, सतरा जन कमी हायेत, चाल न वं!’