टीबीचं औषध फुकट, मग मरतात कसे?

‘टीबीचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, तरी न सुधारणारे लोक केवळ बेफिकीर’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

औषध फुकट आहे, हे खरं. पण साध्या टीबीचा कोर्ससुद्धा साधारण ६ महिन्यांचा. काही आठवड्यांत खोकला-ताप ओसरतो आणि नेमकी तेव्हाच बुडालेली दिवसाची मजुरी जास्त टोचू लागते, मग गोळ्या सुटतात. मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्दच्या नाका कामगाराला, म्हणजे रोज सकाळी नाक्यावर उभं राहून दिवसाचं काम शोधणाऱ्याला, पगारी रजा कुठली? दवाखाना सकाळचा, नाकाही सकाळचाच.

शिवाय उपाशी पोटी गोळ्यांनी मळमळतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झारखंडमधल्या अभ्यासात रुग्णांना शिधा दिला होता. पहिल्या २ महिन्यांत ज्यांचं वजन ५% वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. नुसत्या शिध्यामुळेच तसं झालं, असं यावरून म्हणता येत नाही. पण वजनाकडे दुर्लक्षही करता येत नाही.

पडताळायचंय? जवळच्या पालिका दवाखान्याची वेळ बघा. ओळखीतल्या रुग्णाला ‘गोळ्या का सोडल्या?’ऐवजी ‘त्या आठवड्यात कामावर गेला होतात का?’ असं विचारा.